पोस्टमास्टर, मुक्काम सरूआई रबर वर्क्स

मित्रांनो, तुमच्या निबंधाच्या वह्यांमध्ये फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, पडीक विहीरसुद्धा घसा खाकरून बोलायला लागते. मग मीच काय घोडं मारलंय? मी एक जुना ई-मेल पत्ता आहे. माझं नाव पोस्टमास्टर. मुक्काम सरूआई रबर वर्क्स, वाळूज. मला हात लावता येत नाही, मला गंज चढत नाही, मला कुणी भंगारात घालू शकत नाही. तरीही माझी जी आबाळ झाली ती ऐकलीत, तर त्या फाटक्या छत्रीची कीव करणं सोडून द्याल.

माझा जन्म उस्मानपुऱ्यात झाला, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत. तिथं धम्मपाल नावाचा तरुण लोकांना डोमेन घेऊन देतो. डोमेन म्हणजे इंटरनेटवर लावलेली आपल्या नावाची पाटी. एकदा पाटी लागली की त्या नावाचे ई-मेल पत्ते काढता येतात. त्या दिवशी त्याच्यापुढं सर्जेराव बसले होते. वाळूजला त्यांचा गाड्यांचे रबरी बुश आणि वायसर तयार करायचा छोटा कारखाना आहे. आईचं नाव सरूबाई, म्हणून कारखाना सरूआई.

"काका, तुमचा पत्ता झाला, ऑफिसचा झाला," धम्मपाल म्हणाला. "आता दोन पत्ते नियमानं ठेवावेच लागतात. एक पोस्टमास्टर अन् एक अब्यूज. तुमच्या नावाच्या मेलमध्ये काही घोटाळा झाला, तुमच्याकडून कुणाला त्रास झाला, तर लोक याच दोन पत्त्यांवर कळवतात. अन् तिथं आलेलं पत्र जित्या माणसानं वाचलं पाहिजे. यंत्रानं नाही."

"आमच्याकडून कुणाला काय त्रास होतोय?" सर्जेराव दुखावलेच.

"होत नाही हो. पण तक्रारीला दार ठेवावं लागतं."

अब्यूज हा माझा जुळा भाऊ. धम्मपालनं त्याची पत्रंही माझ्याच पोटात येतील अशी सोय केली, म्हणजे सगळ्या तक्रारी एका ताटात. मग त्यानं विचारलं, "तुमच्याकडं जबाबदार माणूस कोण? कुणाच्या फोनवर जोडू?"

इथं माझं नशीब फिरलं. सर्जेराव जराही न थांबता म्हणाले, "जबाबदार म्हणजे आमचे थोरले बंधू. कडुबा अण्णा. वेरूळला असतात."

"ते मेल बघतात?"

"त्यात बघायचं काय? थोरले आहेत. लग्नपत्रिकेत सगळ्यात वर त्यांचं नाव असतं, इथं मी माझं कसं घालू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"काका, जबाबदार म्हणजे जो रोज वाचेल तो."

"धम्मपाल, बाबा, तू कंप्युटरचं बघ. मानपान आमच्यावर सोड."

धम्मपालनं कपाळाला हात लावला आणि मला कडुबा अण्णांच्या नावानं जोडून दिलं. तेव्हापासून माझा मुक्काम त्यांच्या सदऱ्याच्या खिशातल्या फोनात. म्हणून तर मला जगाची नाही तरी वेरूळची आणि दोन्ही भावांच्या घरची सगळी खबर असते.

कडुबा अण्णा म्हणजे धिप्पाड माणूस, डोक्यावर पांढरी टोपी, आवाज असा की रस्त्यापलीकडचा माणूस वळून बघतो. शेती आहेच, शिवाय लेण्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला सीताफळ-पेरूचं दुकान लावतात. गरजेपेक्षा हौस म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही. मी त्यांच्या फोनात आलो आणि त्यांनी पहिल्याच दिवशी अख्ख्या बाजारात सांगितलं, "मी पोस्टमास्तर झालो!" मग काय, लोक त्यांना रामराम पोस्टमास्तर म्हणायला लागले. एका म्हातारीनं तर आपलं पार्सल कुठं अडकलं म्हणून त्यांना धारेवर धरलं. गावातला खरा पोस्टमन इतका रुसला, की पुढं कितीतरी दिवस त्यानं अण्णांच्या दुकानावरचा पेरू घेतला नाही.

माझ्या आयुष्यात माझं कौतुक एकदाच झालं. धम्मपालनं उस्मानपुऱ्यातून एक चाचणीचं पत्र पाठवलं होतं, पोहोचलं का म्हणून. अण्णांचा मुलगा गोकुळ तेव्हा तिथंच होता. त्यानं फोन घेतला आणि 'हो' असं उत्तर धाडलं. धम्मपालनं लिहिलं, 'वा, नियमात बसलं.' हे दोन-तीन शब्द मी कितीतरी दिवस छातीशी धरून होतो. मग उपेक्षेचे दिवस आले.

पत्रं येत होती. कुठला पत्ता चुकला, कुठलं पत्र परत आलं, पासवर्ड बदला, फलाणं बिस्ताणं. मी इमानदारीनं सगळं घ्यायचो आणि फोनवर टिंग करायचो. पण अण्णांना टिंगचं काही नव्हतं. त्यांचा जीव माझ्या डोक्यावरच्या लाल आकड्यात. न वाचलेली पत्रं किती, ते तो आकडा सांगतो. अण्णांना वाटायचं ती आपली पुंजी. गिऱ्हाईक आलं की फोन पुढं करायचे. "बगा, किती कागद आलेत माझ्या नावानं. सर्जेरावला एवढे येत नायत." एकदा गोकुळनं चुकून दोन-चार पत्रं उघडली, तर आकडा खाली आला. अण्णा असे भडकले! "कमी केलेस ना? फोडू नकोस म्हणलं तर ऐकायचं नाय." तेव्हापासून मला उघडायची कुणाची छाती झाली नाही.

सांगा मित्रांनो, पत्र वाचलं की कमी होतं, म्हणून पत्रच न वाचणारा पोस्टमास्तर तुम्ही कुठं पाहिलाय? मी पाहिलाय. त्याच्याच खिशात राहत होतो.

आता मेघाचं सांगतो. मेघा ही सर्जेरावांची मुलगी. पुण्याला शिकली, तिथंच चांगली नोकरी करत होती, आणि ती नोकरी सोडून आपणहून वाळूजला आली. वडिलांचा कारखाना चालवायचा, ही तिची लहानपणापासूनची इच्छा. सर्जेरावांना लेकीचं कौतुक होतं, पण ऑफिसच्या खुर्चीचा विषय निघाला की ते पाण्याचा ग्लास शोधायला लागायचे. कारण गोकुळही त्याच ऑफिसात होता. थोरल्याचा मुलगा. त्याला डावलून लेकीला बसवलं तर भावाला काय वाटेल?

शेवटी मेघानं स्पष्टच विचारलं. तेव्हा सर्जेराव म्हणाले, "हे बघ मेघा. वाळूजमधल्या त्या मोठ्या गाडी कारखान्याचं काम निघालंय. ते मिळवून दाखव, ऑफिस तुझं. नाही मिळालं तर गोकुळला बसवतो. मग पुढं कुरकुर नको."

मेघा कामाला लागली. त्या कारखान्याला दर आणि चाचणीचे अहवाल ई-मेलनंच पाठवायचे होते, तेही ज्याची आधी नोंद झालेली होती त्याच पत्त्यावरून. शुक्रवार संध्याकाळ ही शेवटची वेळ. सर्जेरावांचा जीव वरखाली होत होता. त्यांच्या मते फाइल काखेत मारून आणि सीताफळाची पाटी घेऊन समोर जाऊन बसावं, त्याशिवाय काम होत नसतं. "पप्पा, तिथं फळं आत घेत नाहीत," मेघा म्हणायची. "मग ती माणसं कसली?" सर्जेराव म्हणायचे.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण नेमकं त्याच आठवड्यात गोकुळच्या मुलाचं जावळ काढायचं ठरलं.

गोकुळ मनानं फार चांगला, बरं का. कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे आवतणात कुणाचं नाव राहून जाण्याची. त्याच्या लग्नात एक चुलत मामा बोलवायचे राहिले होते. ते मामा आजही त्याला रस्त्यात दिसले की तोंड फिरवतात. म्हणून पोराच्या जावळाला गोकुळनं ठरवलं, की एकही माणूस सुटता कामा नये. पत्रिका छापली नाही. बाळाचा टोपरं घातलेला फोटो, बोकडाचं जेवण, वेरूळच्या शेतातला पत्ता, आणि खाली ठळक अक्षरांत 'चूलबंद आवतण'. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही.

आणि हे आवतण त्यानं ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवलं. कुणाला? अहो, सगळ्यांना! आजवर सरूआईला ज्यांनी ज्यांनी म्हणून पत्र पाठवलं, त्या झाडून सगळ्या पत्त्यांना. बँकेला चूलबंद. टेलिफोन कंपनीला चूलबंद. 'या पत्त्यावर उत्तर देऊ नये' असं ज्याच्या नावातच लिहिलंय, त्याला चूलबंद. जर्मनीतल्या एका यंत्रवाल्याला, बायकापोरांसकट, चूलबंद. आणि एका प्रदर्शनात गोळा केलेले त्या मोठ्या गाडी कारखान्यातल्या यच्चयावत लोकांचे पत्ते होते, त्यांनाही.

कुणाचंच 'येतो' आलं नाही. गोकुळला वाईट वाटलं. आपल्याकडं पहिलं आवतण झालं की दुसऱ्यांदा आठवण द्यायची रीत आहे, त्यानं ती पाळली. मग तिसऱ्यांदा 'आग्रहाचं' पाठवलं. मग बाळाचा आणखी एक फोटो, झोपलेला. त्या कारखान्यातला माणूस सकाळी कंप्युटर उघडतो न उघडतो तोच वेरूळचं बाळ त्याच्याकडं बघून हसायचं.

व्हायचं तेच झालं. त्या कारखान्याचा मेलचा कारभार सुलेखा नावाच्या बाई बघतात. त्यांनी सरूआईच्या नावाला दार बंद केलं. एक पोस्टमास्टरचं उत्तर सोडलं, तर सरूआईकडून येणारं कुठलंही पत्र आत घ्यायचं नाही, मग ते बाळाचं असो नाहीतर बुशाचं. आणि नियमाप्रमाणे त्यांनी एक पत्र मला लिहिलं. 'तुमच्या डोमेनवरून नको असलेली पत्रं येत आहेत. पोस्टमास्टरनी हे वाचून स्वतः उत्तर द्यावं. तोपर्यंत दार बंद राहील.'

मी टिंग केलं. मित्रांनो, इतका जीव तोडून मी आयुष्यात टिंग केलं नव्हतं. अण्णांनी फोन काढला, माझ्याकडं बघितलं, आणि शेजारच्या चहावाल्याला म्हणाले, "आनखी एक आला." आणि मला परत खिशात घातलं. मी काय करणार? पत्त्याला हातपाय नसतात. दुःख आणि संताप यांनी माझा जीव नुसता घुसमटला.

शुक्रवारी सकाळी मेघानं दर आणि अहवाल पाठवले. पत्र परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. तिनं कारखान्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, "मॅडम, मेल अडकला असेल तर मेलच्या विभागाशी बोला." "त्यांचा नंबर द्या." "त्यांना मेलच करावा लागतो." "अहो, मेलच तर जात नाहीये!" "मग तसं त्यांना मेल करून कळवा." मेघानं फोन टेबलावर आपटला आणि स्कूटी काढून थेट धम्मपालकडं उस्मानपुऱ्यात गेली.

धम्मपालनं सगळं ऐकून घेतलं. पहिला प्रश्न एकच विचारला. "पोस्टमास्टरची पत्रं कोण वाचतं?"

"अण्णा," मेघा म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचाच चेहरा उतरला.

"मला वाटलंच होतं," धम्मपाल म्हणाला. "मी इथून पासवर्ड बदलून ते खातं तुझ्या फोनवर घेऊ शकतो. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त काकांचा होकार पाहिजे."

मेघानं वडिलांना फोन लावला. सर्जेरावांनी ऐकलं आणि फोनातून ओरडलेच, "थोरल्याचा मान न विचारता काढून घ्यायचा? मेघा, काम गेलं तरी चालेल, पण हे व्हायचं नाही. तू आत्ता वेरूळला जा. त्यांना विचार. त्यांच्या हातानं होऊ दे काय व्हायचं ते."

"पप्पा, आज शेवटचा दिवस आहे!"

"मग लवकर निघ."

बिचारी पोर डोळे पुसत निघाली. दौलताबादचा घाट चढून, सहलीच्या बसगाड्यांच्या धुरातून, दुपारी ती अण्णांच्या दुकानापुढं येऊन उभी राहिली. तोंड उन्हानं लाल झालेलं.

"ये माय, ये," अण्णांनी सीताफळ फोडून पुढं केलं. "जावळाच्या तयारीला आलीस व्हय?"

"अण्णा, तुमचा फोन द्या. पत्रं उघडायचीत."

अण्णांनी खिसा घट्ट धरला. "काय बी माग. कमी करायचं नाय म्हंजी नाय."

मग मात्र मेघाचा बांध फुटला. "अण्णा, माझं काम चाललंय हातचं! हे काम गेलं तर पप्पा मला ऑफिसात बसू देणार नाहीत. मी पुण्याची नोकरी सोडून आले. लोक हसतायत मला. तुमच्या खिशात एक पत्र आहे, ते वाचलं नाही तर सगळं संपलं. तुम्हाला आकडा पाहिजे की मी?"

रस्त्यावरचे चार लोक वळून बघायला लागले. अण्णांनी खिशावरचा हात काढला. मग त्यांनी हळूच फोन काढून तिच्या हातात दिला. "घे. सगळे फोड," ते म्हणाले.

मेघानं सुलेखाबाईंचं पत्र शोधून काढलं आणि मराठीत समजावून सांगितलं. कोणत्या आवतणामुळं दार बंद झालं, तेही सांगितलं. अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मेलचे नियमबियम त्यांच्या डोक्यावरून गेले होते, पण एक गोष्ट त्यांना बरोबर कळली. आपल्या घरच्या आवतणावरून कुणीतरी रुसलंय. आणि रुसलेल्या माणसाची समजूत थोरल्यानं काढायची असते. हे काम अण्णांनी आयुष्यभर केलं होतं. मांडवातून उठून गेलेले व्याही त्यांनी बैलगाडीपुढं आडवे होऊन परत आणले होते.

मेघा भराभर इंग्रजीत लिहू लागली होती. "काय लिवायलीस?" अण्णांनी विचारलं.

"तांत्रिक बिघाडामुळं चुकून पत्रं गेली, असं लिहिते."

"बिघाड? कसला बिघाड? माझा पोरगा हाय त्यो."

"अण्णा, ऑफिसात असंच लिहायचं असतं."

"खोटं बोलून कुणाचा राग जात नसतो. पुस ते. मी सांगतो तसं मराठीत लिव. शेवटी नाव माझं हाय ना खाली?"

मेघानं घड्याळाकडं बघितलं, कपाळावर हात मारला, आणि पुसलं. अण्णांनी टोपी नीट केली, जशी कुणाच्या दारात उभं राहून करतात, आणि सांगायला लागले.

'सुलेखाबाईंना वेरूळहून कडुबाचा नमस्कार. तुमचं पत्र मला आधीच आलं होतं, पण मी ते वाचलं नाही. तुम्हाला थांबावं लागलं. आवतण माझ्या मुलानं, गोकुळनं पाठवलं. लेकराचं कौतुक लई, म्हणून त्याला भान राहिलं नाही. ज्याला त्याला त्रास झाला. मी घरातला थोरला, म्हणून मी माफी मागतो. आजपासून त्याच्या हातून असं एकही पत्र जाणार नाही, हा माझा शब्द. आता हा पत्ता रोज वाचला जाईल. माझी पुतणी मेघा हिचं कामाचं पत्र तुमच्या दारात अडकलं आहे. तिची यात काही चूक नाही. आमचा राग तिच्यावर काढू नये.'

मेघाचे डोळे पुन्हा भरून आले. आणि तेवढ्यात अण्णा पुढं म्हणाले, "अन् आता लिव, राग गेला असंल तर रविवारी घरच्यासगट जेवायला या. चूलबंद."

"अण्णा!" मेघा किंचाळलीच. "त्या चूलबंदपायीच तर दार बंद केलंय त्यांनी! परत आवतण द्यायचं?"

"मग कोरडी माफी मागू व्हय? माफी मागितली की जेवायला बोलवावंच लागतं. नायतर ती माफी नसती, ते तोंडावर फेकणं असतं."

"अण्णा, पाया पडते तुमच्या. ती एक ओळ गाळा."

"तीच ओळ खरी हाय. बाकी सगळं तर कुनीबी लिवतंय."

त्या दोघांची खेचाखेच चालू असताना त्याच फोनवर गोकुळचा फोन आला, तो मेघानं घेतला. सर्जेरावांनी त्याला सगळं सांगितलं होतं, आणि बिचारा रडकुंडीला आला होता. "मेघा, माझ्यामुळं झालं हे सगळं. पण तू काळजी करू नको. मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांना माफीचं पत्र पाठवतो. सगळ्यांना! एकालाही सोडत नाही! बाळाचा हात जोडलेला फोटोसुद्धा काढलाय."

"गोकुळदादा, कंप्युटरपासून लांब हो!" मेघा इतक्या जोरात ओरडली, की फांदीवरची वटवाघळं की चिमण्या, जे काही होतं ते उडून गेलं. अण्णांनी फोन हिसकावून घेतला. "गोकुळ, हात वर कर. केलास? आता तसाच भाईर ये अन् गाडीत बस. काय बी पाठवायचं नाय. बिलकुल नाय."

या गडबडीत अण्णांच्या अंगठ्यानं काय दाबलं देव जाणे. म्हणजे देव जाणे कशाला, मी जाणतो. गोकुळचा फोन ठेवताच अण्णांनी बोललेलं लिहून घेणारं बटण दाबून ती चूलबंदची ओळ हळूच पत्रात बोलून घातली होती आणि पत्र धाडून दिलं होतं. मेघानं बघितलं आणि मटकन दुकानाच्या खोक्यावर बसली.

आता वाट बघणं आलं. अण्णा गिऱ्हाइकांना पेरू देत होते, पण वजन करताना लक्ष माझ्याकडं. मेघा सारखी घड्याळ बघत होती. लेण्यांकडून गाड्या परतायला लागल्या. ऊन कलायला लागलं. मित्रांनो, माझ्याकडून एवढं मोठं उत्तर गेल्याची ही पहिलीच वेळ. जगानं मला पुन्हा तोंड मिटायला लावलं असतं, तर मी कायमचा गप्प झालो असतो.

आणि मग पत्र आलं. मी टिंग केलं. या वेळी दोघांनी एकदम झडप घातली.

'कडुबा अण्णा, सप्रेम नमस्कार. अशी पत्रं मी रोज कितीतरी पोस्टमास्टरांना पाठवते. बहुतेक ठिकाणाहून उत्तर येत नाही, आलं तर यंत्राचं येतं. तुमचं उत्तर वाचून मी शेजारच्या टेबलावरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. दार उघडलं आहे. मेघा यांनी आता पत्र पाठवावं, पोहोचेल. गोकुळ यांच्यावर फार रागावू नका, बाळ गोड आहे. ता. क. चूलबंद म्हणजे सासूबाईंनाही आणलं तर चालेल ना?'

"चालंल का म्हंजी काय? आनलंच पायजे!" अण्णा रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले. मेघानं हसत, रडत, दुकानाच्या खोक्यावर बसूनच आपल्या फोनवरून दर आणि अहवाल पाठवले. परत आले नाहीत. काही क्षणांनी 'मिळाले' असं उत्तर आलं. तिनं अण्णांच्या गळ्यात हात टाकले, आणि अण्णा उगाच पेरूवरची धूळ झटकायला लागले.

रविवारी शेतात मांडव पडला. बाळाचं जावळ निघालं, त्यानं आकाशपाताळ एक केलं. सुलेखाबाई खरंच आल्या, सासूबाई, नवरा, पोरं, सगळ्यांना घेऊन. त्यांच्यामागं त्या कारखान्यातले आणखी काही लोक आले, बाळाला बघायचंच म्हणून. जर्मनीवाला तेवढा आला नाही. गोकुळनं एकेकाला हाताला धरून पंगतीत बसवलं आणि दोन दोन वाढपी मागं लावले, कारण माफी मागायची त्याला दुसरी रीत ठाऊक नव्हती.

सुलेखाबाईंनी सर्जेरावांना विचारलं, "तुमच्याकडचं हे सगळं कोण बघतं?"

मी अण्णांच्या खिशात होतो, म्हणून नीट ऐकलं. सर्जेराव पाण्याचा ग्लास शोधायला लागले. मग थांबले. भावाकडं बघितलं. अण्णांनी नुसती मान हलवली. तेव्हा सर्जेराव भर पंगतीत, सगळ्या भावकीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ही आमची मेघा. ऑफिस हीच चालवते."

त्या कामाचा निकाल लागायला अजून वेळ होता. मेघाचा हात ताटावरच थांबला. गोकुळनं तिच्या ताटात रस्सा वाढला आणि म्हणाला, "मॅडम, घ्या की."

त्या दिवसापासून मला मेघा वाचते, रोज सकाळी. अण्णांचं नाव तसंच राहिलं, ते काढायचं कुणी सुचवलंही नाही. कुणी फारच रुसलं तर मेघा अण्णांना फोन लावते, आणि अण्णा टोपी नीट करून उत्तर सांगतात.

तुम्ही विचाराल, ते मोठं काम मिळालं का? मिळालं. पण ती बातमी मेघाच्या पत्त्यावर आली, माझ्याकडं नाही. माझ्याकडं चांगली बातमी कधीच येत नाही, मित्रांनो. माझं नशीबच तसं आहे. काहीतरी बिघडलं, कुणीतरी दुखावलं, कुठंतरी वाट अडली, तेव्हाच लोक माझं दार वाजवतात. म्हणून तर मला कुणी विचारत नाही. पण चांगली बातमी सांगायला माणसं धावत येतात, तिची फिकीर नको. आपलं चुकलंय हे सांगायला कुणी आपल्या दारापर्यंत आलं, तर त्याला ताटकळत ठेवू नका. ते पत्र उघडा. आणि उत्तर स्वतःच्या हातानं द्या.